गेरूचा पट्टा

छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलेल्या सगळ्यांनी देव सोडले. नागोरावानं मात्र देवांबरोबर रंगही सोडला. शेंदूर फासलेले दगड त्यानं नदीत नेऊन टाकले, ते बरंच झालं. त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, त्या दगडांची पाटी स्वतःच्या डोक्यावर वाहिली होती. पण घरी परतल्यावर त्यानं फर्मावलं की आजपासून घरात लाल काही नको, लाल दिसलं की शेंदूर आठवतो. कोनाड्यातलं लाल फडकं गेलं, दारावरचं तोरण गेलं. मिरच्या तेवढ्या वाचल्या, कारण त्या भाकरीबरोबर लागत. कुंकवाविषयी बोलायची त्याची छाती झाली नाही.

शेवटी त्यानं भिंतीच्या पायथ्याचा गेरूचा पट्टाही पांढऱ्या मातीनं पुसून काढला, आणि तिथं पंचफुलाचं बिनसलं.

सारवण करावं तर पंचफुलानं, असं नेरच्या बाजारापर्यंत लोक म्हणत. पोरवयापासून ती पाटलाच्या वाड्याची बाहेरची भिंत आणि गोठा रंगवत आली होती. दोरी नाही, खूण नाही, नुसत्या नजरेवर पट्टा सरळ उतरायचा. वाड्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची मात्र तिला सोय नव्हती. आपल्या घरी ती कोनाडा, चूल, दाराची चौकट, सगळ्याला गेरूची किनार काढायची आणि मग जरा लांब उभी राहून बघायची.

"पाटलाच्या घरी मी बाहेरूनच रंगवलं," ती नवऱ्याला एकदाच म्हणाली. "आतून रंगवाले मले हेच एक घर होतं."

धम्म नवा तर घरही नवं दिसलं पाहिजे, एवढंच त्यानं सुनावलं. माणूस वाईट नव्हता, पण एकदा डोक्यात शिरलं की निघत नसे. पुढची दीड वर्षं पंचफुलानं भिंती सारवल्या, पण वेठबिगारी केल्यासारख्या. पांढरं घर तिला परक्याचं वाटायचं.

मग अठ्ठावन्नच्या वैशाखी पुनवेला वस्तीनं बुद्धजयंती करायचं ठरवलं. पोरांना अक्षरं शिकवणारा धर्मपाल नागपूरहून तळहाताएवढा कागदी झेंडा घेऊन आला. हा झेंडा मोठा करून भिंतीवर रंगवायचा, असं त्याच्या मनात होतं. एसटीच्या रस्त्यावर तोंड असलेली भिंत नागोरावाचीच. नागोराव फुगला, झेंडा न बघताच हो म्हणाला, आणि मग बघितला. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, आणि कडेला पुन्हा तेच सगळे रंग मिळून एक पट्टा. तिसऱ्या पट्ट्यावर त्याचं बोट अडकलं. छापणाऱ्याची काही चूक तर नाही ना, असं त्यानं हळूच विचारलं. जगभरच्या बौद्धांचा हाच झेंडा आहे, असं धर्मपाल म्हणाला.

नीळ मिळाली, पिवळी माती मिळाली, पांढरी तर घरोघर होती. लाल राहिला. केशरीसाठीही आधी लालच हवा. दुकानात शेंदूर होता, पण तो आणण्यापेक्षा नागोरावानं हात तोडून दिला असता. तो आत आला. पंचफुला तूर पाखडत होती.

"गेरू हाये का वं थोडासाक?"

"कायले? लाल तं घरात चालत नाही."

"झेंड्याले पायजे."

"झेंडा घराच्याच भितीवर काढता ना?"

नागोराव तिच्यासमोर उकिडवा बसला आणि सुपातली तूर उगाच बोटानं हलवू लागला.

"राग शेंदराचा होता," तो म्हणाला. "निघाला तुह्या मातीवर."

पंचफुलाला रडू आलं. दीड वर्षाचं रडू होतं ते. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सूप बाजूला ठेवलं. गेरूचा गोळा तिनं कधी फेकलाच नव्हता, कोठीमागं चिंधीत बांधून ठेवला होता. तो भिजवून, घोटून तिनं बाहेर नेला. निळा आणि पिवळा पट्टा माणसांनी दोरी धरून काढला तरी लाटेसारखा झाला होता. लाल तिनं एका दमात ओढला. धर्मपालनं मग पुढचे पट्टेही तिच्यावरच सोपवले.

झेंडा झाला. लोक रस्त्यापलीकडे जाऊन बघू लागले. मडक्यात गेरू उरला होता. पंचफुलानं कुणाला विचारलं नाही, ती मडकं घेऊन आत गेली.

मागोमाग नागोराव आला. त्यानं खाट भिंतीपासून ओढली, कोठी सरकवली.

"कितीक उच्चा?" त्यानं विचारलं.

"वीतभर."

त्यानं भुईला अंगठा टेकवून भिंतीवर आपली वीत धरली. ती तिच्या वितीपेक्षा चांगली दोन बोटं मोठी होती. पंचफुलानं ते बघितलं आणि त्याच्या बोटाच्या टोकाला पोतेरं लावून पट्टा ओढायला घेतला.