वर म्हणजे हो

खोलीत शिरताना व्हीलचेअरची पाय ठेवायची पट्टी दाराच्या चौकटीला अडकली. आईनं खुर्ची मागं घेतली, जराशी तिरकी केली आणि लेकीचं कोपर आपल्या तळहातानं झाकत तिला आत आणलं. लहान मुलांच्या विभागात दारं रुंद होती, भिंतींवर हत्ती-ससे होते, आणि तिथल्या डॉक्टरांना छकुलीचं पाळण्यापासूनचं सगळं तोंडपाठ होतं. पण छकुलीला अठरा पूर्ण झाली आणि त्यांनी हात जोडले. आता हा मोठ्यांचा विभाग. इथल्या भिंती कोऱ्या.

"रात्री झोप लागते का तुम्हाला?" नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मला? लागते की. हिची कूस बदलून दिली की मेल्यासारखी झोपते."

"मी यांना विचारलं," खुर्चीकडे हात करत डॉक्टर म्हणाल्या.

आई ओशाळली. छकुलीला आजवर कुणी अहोजाहो केलं नव्हतं. छकुलीच्या घशातून हसू फुटलं, हनुवटीवर लाळ ओघळली. आईनं सवयीनं रुमाल लावला. मग तिनं एका दमात सांगून टाकलं, की हिला बोलता येत नाही, हिच्या डोळ्यांवरून आपल्याला सगळं कळतं, तेव्हा विचारायचं ते आपल्यालाच विचारा. डॉक्टरांनी मान डोलावली, पण प्रश्न त्या लेकीलाच करत राहिल्या. लेक बघायची, आई सांगायची. गाडी रुळाला लागली असं आईला वाटायला आणि डॉक्टरांनी पेन खाली ठेवायला एकच गाठ पडली.

"आई थोडा वेळ बाहेर बसल्या तर चालेल?"

छकुलीची नजर सरळ छताला भिडली. तिथंच राहिली.

"काय म्हणतायत?"

"नको म्हणते," आई म्हणाली. "घाबरते ती."

डॉक्टर पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. आईनं बघितलं, तर लेकीनं डोळे मिटून घेतले होते. तिच्यासमोर बसून तिचीच कीव करणाऱ्या पाहुण्यांपुढे ती असे डोळे मिटून घ्यायची, आणि पाहुणे गेले की मायलेकी पोटभर हसायच्या. आईपुढे तिनं ते कधी मिटले नव्हते.

आईनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. डोळे उघडले नाहीत. आईनं रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हो म्हणाली होती ती. वर बघितलं की हो. खाली बघितलं की नाही. एका वेळी एकच विचारा. आणि घाई करू नका, मान सावरायला वेळ लागतो तिला."

रुमाल लेकीच्या मांडीवर ठेवून ती बाहेर आली. दार पुरतं लागलं नव्हतं. बाकावर ती दाराकडचीच जागा धरून बसली.

"आई नसताना दुसऱ्या कुणी बाई मदतीला आल्या, तर चालेल तुम्हाला?"

बाहेर आईची मान आपसूक नाही म्हणून हलली. परक्या हातचं पाणीसुद्धा पीत नाही पोरगी, हे ती जो भेटेल त्याला सांगत आली होती.

ती दाराच्या फटीकडे आणखी सरकली.

"हो? बरं. कधीपासून वाटतंय असं?" मग डॉक्टरच गडबडल्या. "चुकलं माझं. असं विचारते. पुष्कळ दिवस झाले?"

आई उठली. उत्तर यायच्या आत तिनं दाराची मूठ धरली आणि दार हलकेच ओढून घेतलं.