टॉकीजचा राखणदार

भद्रावतीची टॉकीज बंद पडली, खुर्च्या भंगारात गेल्या, पण दारावरचे सोमाजीभाऊ काही हलले नाहीत. पुढे बचतगटाच्या बायांनी आत मशरूम लावले, बाल्कनीपर्यंत भाताचं तणस भरलेल्या पिशव्या टांगल्या. सुरुवातीला मशरूमना अंधार लागतो, हे कळल्यावर तर भाऊंना चेवच चढला. कोणी दार उघडं ठेवलं, की टॉर्च रोखून ओरडायचे, "पडदा लाव ना वं! उजेड येऊन राह्यला!"

मशरूमची पहिली तोड झाली, बायांनी तिथेच भाजी रांधली. भाजीचा वास दारापर्यंत आला, पण बोलावल्याशिवाय आत जातील ते भाऊ कसले!

आत एटापल्लीच्या जंगलाकडच्या बुधरीने सगळ्यांचे हात अडवले. "नवं पीक पयले राखणदार देवाले द्या लागते. मंग आपन खाचं."

"टॉकीजले कुठचा आला देव?" आशाबाईने विचारलं.

तेवढ्यात भाऊ दारातून गरजले, "कोनं दार उघडं ठेवलं?"

बुधरीने पळसाच्या पानावर भाजी वाढली, भाऊंपुढे ठेवली आणि हात जोडले. मागून साऱ्या बायांनीही जोडले.

जन्मभर लोकांना बाहेर काढणाऱ्या भाऊंनी टॉर्च विझवली, एक घास तोंडात टाकला, डोळे मिटले.

"मीठ कमी हाये," देव म्हणाला.