कप्तानचा कोट
बायको गेल्याचं कळलं तेव्हा वायरमन शिडीवर होता. मिशनच्या हॉलमधला दिवा लुकलुकत होता, तो बघायला चढलेला. पाळक खालून म्हणाले, "भाऊ, खाली या. दवाखान्यातून फोन आला होता. वहिनी प्रभूकडे गेल्या."

वायरमनने उघड्या वायरला टेप गुंडाळली, स्क्रू घट्ट पिळला आणि मग उतरला. वायर उघडी टाकून उतरायचं नाही, ही त्याची जन्माची सवय. खाली आल्यावर मात्र शिडी घडी करायची कशी, हेच त्याला सुचेना. पाळकांनीच ती भिंतीला लावून ठेवली.

निवृत्त झाल्यावर नवरा-बायको मिशनबरोबर या परक्या देशात आले होते. हॉलची दुरुस्ती त्याच्याकडे होती. दुपारी तो पुलाखाली राहणाऱ्या लोकांत जाऊन पत्रकं वाटायचा. हार्डवेअरच्या दुकानात घासाघीस करता करता त्याला तिथली भाषा बऱ्यापैकी यायला लागली होती. लोक पत्रक घेत, मान डोलावत आणि त्यावर बसत. बायकोला त्या भाषेतलं अक्षर येत नव्हतं. ती सुईदोरा घेऊन त्यांच्यात फतकल मारायची आणि खुशाल मराठीत बोलायची. "दे इकडे. अगं बाई, काय दशा केलीस रे या बाहीची! बस, बस इथे." कपडे फाटोत न फाटोत, लोक येऊन बसायचे. तिचं नावच त्यांनी अगंबाई पाडलं. वायरमन त्यांच्या लेखी अगंबाईचा नवरा, बस्स.

दफनाला पुलाखालचे ते सगळे आले, मागे उभे राहिले आणि निघून गेले. मुलाचा रोज फोन यायचा. "बाबा, आता तिथे कोण आहे तुमचं? परतीचं तिकीट काढू ना?"

"लोकांचे कपडे पडलेत आईकडे. तेवढे पोचवतो, मग बघू."

तिच्या पिशवीतले बाकीचे कपडे शिवून तयार होते. राहिला होता तो पुलाखालच्या कप्तानचा कोट. कप्तान कुठल्या बोटीवर होता की नव्हता, देव जाणे; चालायचा मात्र पायाखाली बोट डुलत असल्यासारखा. कोटाचं अस्तर एका बाजूने उसवलेलं होतं आणि आत वर्तमानपत्रं कोंबलेली. वायरमनने दुसरी बाजूही उसवली, सगळी रद्दी काढून फेकली, कोट दोनदा धुतला, इस्त्री केली आणि वेड्यावाकड्या टाक्यांनी अस्तर बंद केलं. बायकोने पाहिलं असतं तर हसली असती, पण काम तर झालं, असं त्याला वाटलं.

पुलाखाली जाऊन त्याने उभ्याने छोटी प्रार्थना म्हटली आणि कोट कप्तानच्या हातात दिला. कप्तानने तो घातला, छाती दाबून पाहिली, पाठ हलवून पाहिली.

"आतला कागद कुठाय?"

"टाकला. रद्दी होती ती."

"अगं बाई!" कप्तान मराठीतच ओरडला. पुढचं त्याच्या भाषेत. "अरे, ती माझी गादी होती! तुझ्या बायकोने एक बाजू नीट घड्या घालून शिवली होती. दुसरी तेवढी राहिली होती. आता थंडीत काय, तुझी इस्त्री पांघरू?"

शेजारी सामानाची ढकलगाडी घेऊन बसणारी एक बाई होती, सगळे तिला गाडीवाली म्हणत. ती खो खो हसली. "धुऊन वर प्रार्थनाही केलीन हो! कप्तान, कुडकुडलास की आमेन म्हण."

वायरमनचे कान तापले. "द्या. उद्या करून आणतो."

"नेऊ नकोस. नेलास की पुन्हा धुशील." कप्तानने शेजारचा पुठ्ठा थोपटला. "बस."

हा एक शब्द त्याने मराठीत, अगदी अगंबाईसारखा म्हटला. वायरमन इतक्या दिवसांत इथे कधी बसला नव्हता. गुडघे कटकटले, पण बसला आणि कोट मांडीवर घेऊन आपलेच टाके उसवू लागला.

गाडीवालीने दोनचार वर्तमानपत्रं काढून दिली. तेवढ्याने खांदासुद्धा भरेना. कप्तानची नजर वायरमनच्या पत्रकांच्या झोळीवर गेली. "ते तुझे कागद जाड असतात."

वायरमन घुटमळला. पत्रकांवर प्रभूचं वचन छापलेलं. पाळकांना काय सांगायचं?

"आधी वाचा तरी," तो म्हणाला.

"माझा चष्मा फुटलाय. तू शिवता शिवता वाच, मी ऐकतो."

"मला शिवताच येत नाही, त्यात वाचू काय!"

"ते टाके बघूनच कळलं," गाडीवाली म्हणाली. तिने सुईत दोरा ओवून दिला. "मग वाचू नकोस. तिचं सांग. शेवटी काय झालं तिला?"

पत्रकाची घडी अस्तरात सरकवत वायरमन सांगायला लागला. न्युमोनिया झाला, छातीत पाणी भरलं. शेवटी बोलता येत नव्हतं, तर हातानेच खुणा करत होती. त्याला वाटलं होतं, पाणी मागतेय.

"कशी खूण?" कप्तानने विचारलं.

त्याने चिमटीत काही धरून ओढल्यासारखं करून दाखवलं. गाडीवालीने त्याच्या हातातल्या सुईदोऱ्याकडे बोट दाखवलं. कप्तान म्हणाला, "टाका जरा जवळ घे. तिचा असा लांब नसायचा."

उजेड गेला तोवर डावी बाजू भरून झाली होती. वायरमनची दोन बोटं टोचून सुजली होती. कप्तान कोट घालून पुलाच्या खांबापर्यंत फिरून आला. "या बाजूने ऊब आहे," तो म्हणाला. "आज या कुशीवर झोपतो."

वायरमन हॉलवर परतला. तिकिटाचं मुलाला त्याने अजून सांगितलेलं नाही. उजवी बाजू शिवायची राहिली आहे.