ग्रुपवर काही टाकू नका

काकूंच्या स्वयंपाकघरात चहा उतू जाईपर्यंत बाईंचं लक्ष नव्हतं. एका हाताने त्यांनी गॅस बंद केला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चर्चच्या ग्रुपवरचा आणखी एक मेसेज काढून टाकला. 'काकांच्या आत्म्यास' एवढंच त्यांनी वाचलं होतं. पुढे जोडलेले हात, मेणबत्ती आणि पांढरं कबूतर असणार, हे सकाळपासून त्यांना पाठ झालं होतं.

"कोणी टाकलं का काही?" बाहेरच्या खोलीतून काकूंनी विचारलं.

"नाही हो. जाहिरात होती कसली तरी."

पहाटे दवाखान्यात काका गेले होते. चर्चमधला ऑर्गन इतकी वर्षं त्यांनीच वाजवला. कित्येक जोडप्यांच्या लग्नात वाजवला आणि पुढे त्या जोडप्यांच्या मुलांच्या लग्नातही. काकू तेव्हा रडल्या नाहीत. त्यांनी बाईंचा हात धरला आणि एकच गोष्ट मागितली. बाबांची तब्येत बिघडली आहे एवढं ऐकून लेक रात्रीच लांबच्या बसने एकटी निघाली होती. "तिला बसमध्ये कळायला नको," काकू म्हणाल्या. "अनोळखी माणसांत बसून रडायचं का तिने? ती येऊ दे. मी माझ्या तोंडाने सांगेन. तोवर ग्रुपवर काही टाकू नका म्हणावं सगळ्यांना."

मागणं केवढंसं. पण लेक लहानपणापासून चर्चच्या गायकवृंदात वाढलेली, त्यामुळे दूर गेली तरी ग्रुपवर होतीच. आणि बाई त्या ग्रुपच्या अॅडमिन. त्या संडे स्कूल घेतात, तेव्हा मुलांना सांभाळता तसं मोठ्यांनाही सांभाळाल, असं म्हणून पाळकसाहेबांनी ते लोढणं त्यांच्या गळ्यात अडकवलं होतं. मुलं परवडली. शांत बसा म्हटलं की ती निदान घटकाभर तरी बसतात.

'कोणी काही लिहू नका' असं ग्रुपवर लिहायचीही सोय नव्हती. लेकीने तेच वाचलं असतं तर? म्हणून बाई सकाळपासून एकेकाला फोन करत होत्या. माणसं "हो हो, अगदी बरोबर" म्हणत, फोन ठेवत आणि लगेच मेणबत्ती पाठवत. पालथ्या घड्यावर पाणी. चर्चमधल्या एका बहिणीने तर सांगितलं, "मी कुठे नाव घेतलं? 'फार वाईट झालं' एवढंच लिहिलं." लेकीला ग्रुपमधून काढून टाकावं, असंही बाईंच्या मनात येऊन गेलं. पण काढलं की तिला ते दिसणार, आणि तिला काय वाटेल ते सांगायला ज्योतिषी नको.

शेवटी त्यांनी ग्रुपच बंद केला. फक्त अॅडमिनने लिहायचं. तेव्हा कळलं की अॅडमिन चांगले अर्धा डझन आहेत. आधीचे पाळक भले गृहस्थ. कोणी रुसलं की त्याला अॅडमिन करत. रुसवे कधीच गेले होते, अॅडमिन तेवढे शिल्लक होते.

त्यातला एक विमा एजंट. चर्चचं फेसबुक पेजही तोच सांभाळायचा. त्याच्या पाठीमागे सगळे त्याला 'ब्रेकिंग' म्हणत, कारण माणूस गेल्याचं घरच्यांना कळायच्या आत त्याचं श्रद्धांजलीचं पोस्टर तयार असे. आजही होतं. काकांचा हसरा फोटो, भोवती गुलाब, आणि ते ग्रुपवर अन् पेजवरही.

बाईंनी लगेच त्याला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता काढा ते."

"बाई, लोकांना कळायला नको? सेवाच आहे ना ही."

"लोकांना कळेल हो. आधी लेकीला कळू दे."

"तिला अजून सांगितलं नाही?" ब्रेकिंगला खरंच वाईट वाटलं. "मग मी करतो तिला फोन. जरा धीरही देतो."

"तुम्ही काहीही करू नका," बाई म्हणाल्या. "हात जोडते. आज दिवसभर काहीही करू नका."

तो पुटपुटला, पण पोस्टर निघालं. एवढ्या लोकांनी आमेन लिहिलं होतं ते सगळं वाया गेलं, असं शेवटी म्हणालाच.

बाईंना रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. खरं तर ह्याच ग्रुपने गेल्या आठवड्यात काकांसाठी रक्त मिळवलं होतं. बाईंनी एक ओळ लिहिली आणि तासाभरात दवाखान्याच्या बाकावर बसायला जागा उरली नाही. तीच माणसं ही. धावून येतात तेव्हा देवमाणसं, आणि गप्प बसा म्हटलं की ह्यांच्या पोटात दुखतं.

तेवढ्यात फोन वाजला. गायकवृंदात काकांच्या ऑर्गनशेजारी उभं राहून खालच्या पट्टीत गाणारे आजोबा होते.

"बाई, माझं का पुसलंत?"

"आजोबा, सगळ्यांचंच पुसलं."

"मी कबूतर नव्हतं टाकलं. 'माझा मित्र गेला' एवढंच लिहिलं होतं. मला लिहायला किती वेळ लागतो, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"संध्याकाळी पुन्हा लिहा," त्या म्हणाल्या. आजोबांनी फोन ठेवून दिला.

पाळकसाहेब चहाचा कप घेऊन दारात उभे होते. त्यांना दवाखान्याच्या फाटकाशी जायचं होतं. लेक बसमधून उतरून तडक तिकडेच येणार, तेव्हा काहीतरी निमित्त सांगून तिला घरी आणायचं, असं ठरलं होतं. बाईंनी सहज म्हणून त्यांचं स्टेटस उघडलं. ऑर्गनचा फोटो, झाकण मिटलेलं, खाली बायबलमधलं एक वचन.

"साहेब, तुम्हीसुद्धा?"

"नाव नाही ना टाकलं कुठे," पाळकसाहेब ओशाळून म्हणाले आणि कप खिडकीत ठेवून स्टेटस पुसू लागले.

ते गेले. काकू खुर्चीत भिंतीकडे बघत बसल्या होत्या. बाईंच्या फोनवर लेकीचं नाव उमटलं. त्या मागच्या गॅलरीत गेल्या, दार लोटून घेतलं.

"बाई, आई कशी आहे?"

बाबांचं तिने विचारलंच नाही. बाईंनी कठडा धरला. "बरी आहे गं. तू कुठवर आलीस?"

"आईने काही खाल्लं का सकाळपासून?"

"चहा घेतलाय. हे बघ, तू आलीस ना की—"

"बाई, राहू द्या," लेक म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता, पण स्थिर होता. "आपल्या ग्रुपवर आजवर कोणी काही पुसलंय का? सकाळी उठून बघते तर ओळीने मेसेज काढून टाकल्याच्या खुणा. एकाखाली एक. मग ग्रुपच बंद. तेव्हाच कळलं मला."

पोस्टरने नाही, कबुतरांनीही नाही. सकाळपासून ज्या अंगठ्याने राखण केली त्यानेच सांगून टाकलं होतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

"चुकलंच माझं," बाई कसंबसं म्हणाल्या.

"नाही हो. मला एक सांगा. आई म्हणाली असेल ना, मीच सांगेन म्हणून?"

"हो."

"मग सांगू दे तिला. मला कळलंय हे तिला सांगू नका."

फोन बंद झाला. आत आल्यावर त्यांनी काकूंसमोर बशीत दोन बिस्किटं ठेवली. "खा," त्या म्हणाल्या, "ती विचारेल मला." काकूंनी एक बिस्कीट उचललं आणि हातातच धरून ठेवलं.

दुपारी दारात टॅक्सी थांबली. लेक एकटीच उतरली, खांद्यावर बॅग. तिला बघताच बाईंच्या लक्षात आलं. आधी दवाखान्याशी ये, असं तिला फोनवर सांगायचं राहूनच गेलं होतं. पाळकसाहेब तिकडे फाटकाशी बसेसकडे डोळे लावून उभे असणार, आणि ही तडक घरी आली होती. वडील आजारी आहेत असं समजणारी मुलगी आधी दवाखान्यात गेली नसती का?

काकू उठून उभ्या राहिल्या. "थेट घरी आलीस?"

लेक उंबऱ्यातच थबकली. तिच्याही लक्षात आलं. "बॅग जड होती," ती म्हणाली. "म्हटलं, आधी बॅग ठेवावी."

काकूंनी बॅगेकडे पाहिलं. एका रात्रीपुरते कपडे मावतील एवढी ती बॅग होती. मग त्यांनी लेकीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि बाईंकडे एकदा. बाईंनी मान खाली घातली.

"दमली असशील," काकू म्हणाल्या. त्यांनी स्वतः बॅग उतरवून घेतली, लेकीला कोचावर बसवलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "तुला सांगायचंय मला."

"सांग ना, आई."

"काल रात्री त्यांना जरा बरं वाटत होतं. उशीला टेकून उठून बसले. तुझं विचारत होते, गाडीत बसली का म्हणून."

"मग?" लेक म्हणाली.