शिऱ्याला तारीख नाही

जेल रोडच्या त्या कॉलनीत कुत्री व्याली, की शिऱ्याची पहिली ताटली सिंधुबाई गायधनींच्या घरातून खाली जायची. गूळ, सढळ हाताने तूप, वर चिमूटभर सुंठ. बाळंतिणीच्या कोडकौतुकात कॉलनीतली एकही बाई मागे राहायची नाही. आणि दीड महिन्यात तीच पिल्लं जिन्यातल्या चपला पळवू लागली, की त्याच बायका नाक मुरडत सिंधुबाईंच्या दारात यायच्या. मग सिंधुबाई टोमॅटोच्या रिकाम्या कॅरेटमध्ये गोणपाट अंथरायच्या, त्यात पिल्लं ठेवायच्या आणि ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर सिन्नर रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या आश्रमात पाठवून द्यायच्या. "मार्गी लागली बिचारी," असं म्हणून मोकळ्या व्हायच्या. वाचकहो, आपल्यातले कितीतरी जण असंच करतात आणि वर त्याला भूतदया म्हणतात.

त्या कुत्रीचं नाव काजळी. अंगाने पांढरी, पण डोळ्यांभोवती काजळ रेखल्यासारखे काळे गोल. सिंधुबाईंचे यजमान निवृत्तीराव नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले, तेव्हापासून सकाळी दूध आणायला निघाले की काजळी त्यांच्या मागोमाग. गेल्या वर्षी ते गेले, तर ही बया चार दिवस त्यांच्या स्कूटरजवळून हलली नाही. सिंधुबाईंच्या लेखी त्या दिवसापासून ती घरातलीच झाली.

या खेपेला मात्र काजळीचं बाळंतपण फार जड गेलं. दोन पिल्लं मेलेलीच जन्मली, तिसरं चौथ्या दिवशी गेलं. शिऱ्याची ताटली तिने नुसती हुंगली आणि मान जमिनीला टेकवली. सून वैष्णवी तिला उचलून डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आणखी एक वेत झालं तर ही जगणार नाही. अंगात जरा ताकद आली की ऑपरेशन करून टाका.

वैष्णवीने घरी येऊन हे सांगताच सिंधुबाईंचा पारा चढला. मुक्या जीवाचं आईपण हिरावून घ्यायचं पाप आपल्या दारात नको, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. वैष्णवी शाळेत शिकवायची, बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. पण सासऱ्यांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. घरात वाद नको म्हणून ती गप्प बसली.

वर्षश्राद्धाला पाहुण्यांचं जेवण होतंच. त्याखेरीज आश्रमातल्या झाडून साऱ्या कुत्र्यांना निवृत्तीरावांच्या नावाने शिरा घालायचा, असं सिंधुबाईंनी ठरवलं. तारीख सांगायला त्या वैष्णवीला घेऊन निघाल्या. इतकी पिल्लं पाठवली, पण आश्रमात त्या स्वतः पहिल्यांदाच पाय ठेवत होत्या. पिशवीत शिऱ्याचा डबा होता. आपली पिल्लं भेटतील, त्यांच्या तोंडात घास घालू, हा बेत.

फाटकावर सहादू भेटला. लासलगावच्या मार्केटात तीस वर्षं कांद्याच्या गोण्या वाहिलेला हा माणूस म्हातारपणी आश्रमाची देखभाल करत होता. त्याने वही उघडली, दोन पानं उलटली आणि डोकं खाजवलं.

"शिऱ्याला तारीख नाय राह्यली, ताई," तो म्हणाला. "वाढदिवस, श्राद्ध, लग्नाचा वाढदिवस, समद्यांचा शिरा. आजच तीन घरचा आलाय. कुत्री जुलाबानं हैराण हायेत."

भिंतीवर दोन फळे होते. 'अन्नदाते' असं लिहिलेल्या फळ्यावर नावं दाटीवाटीने बसली होती. शेजारच्या फळ्यावर 'शस्त्रक्रियेसाठी मदत' एवढेच शब्द, आणि खाली कोरा काळा रंग.

सिंधुबाईंनी शिऱ्याचा विषय तेवढ्यापुरता सोडला आणि आपली पिल्लं दाखवायला सांगितलं. कॅरेटमधून यायची ती, गोणपाटावर.

सहादूने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ती तुमची व्हय?" एवढंच बोलून तो चालू लागला. कडेच्या खोलीबाहेर एक लहानखुरी कुत्री पडली होती. पांढरं अंग, डोळ्यांभोवती तेच काळे गोल. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी रोड, आणि पोट मात्र टम्म फुगलेलं.

"बावीस आली तुमच्याकडनं," सहादू म्हणाला. "त्यातली ही एक उरली. आईच्या अंगावरनं तोडून इतकी बारकी पिल्लं हितं येत्यात, एकाला साथ लागली की कॅरेटच्या कॅरेट जातं. ही वाचली. वरीस बी झालं नाय तिला, आन् गाभण हाय."

सिंधुबाई तिथल्या पायरीवर बसल्या. इतकी वर्षं आपण ज्याला मार्गी लावणं म्हणत होतो ते हे! त्यांनी रागानेच विचारलं, की तुम्ही ऑपरेशन का नाही केलंत?

"डॉक्टर मेहनताना घेत नाय, पर औषधं, टाके, भूल, समदं इकत आणावं लागतं," सहादू शांतपणे म्हणाला. "घास घालायला लोकं रांग लावत्यात, ताई. फोटो निघतो, नाव लागतं. ऑपरेशनला पैसं मागितलं की म्हणत्यात, आमच्या म्हाताऱ्याचं नाव असल्या कामाला नको. आता मला सांगा, जो घास दिल्यानं एक दिस निघतो तो मोठा, का जिच्यानं हिचा जीव वाचंल ती मदत मोठी?"

"यांच्या नावाने असलं काम..." सिंधुबाई सवयीने बोलून गेल्या आणि एकदम थांबल्या.

चाळीस वर्षं त्यांनी एक गोष्ट पोटात ठेवली होती. दुसऱ्या बाळंतपणात त्या मरता मरता वाचल्या होत्या. तिसरं झालं तर बाई हाती लागणार नाही, असं तेव्हाही डॉक्टरांनी सांगितलं होतं. सासूबाईंना आणखी एक नातू हवा होता. निवृत्तीराव एक दिवस प्रेसमध्ये रजा टाकून, कुणाला न सांगता सरकारी दवाखान्यात गेले आणि स्वतःचं ऑपरेशन करून आले. त्या रडल्या, तेव्हा ते म्हणाले होते, "आधी तू जगायला हवीस. आईपण त्याच्या नंतर." नवऱ्याला लोक नावं ठेवतील या लाजेपोटी सिंधुबाईंनी हे आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.

आणि त्याच माणसाच्या नावाला हे काम कमीपणाचं? सिंधुबाईंना स्वतःचीच शरम वाटली. समोरची कुत्री उठली, त्यांच्या गुडघ्याला नाक लावून उभी राहिली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळ्यांतून पाणी वाहू दिलं. मग वैष्णवीला जवळ बसवून त्यांनी सगळं सांगितलं.

वर्षश्राद्धाला नणंद विठाबाई आल्या होत्या. कुत्र्यांचा शिरा रद्द करून तो सगळा खर्च ऑपरेशनला दिल्याचं कळताच त्यांनी भर पंगतीत विचारलं, की माझ्या भावाच्या नावाला हेच शोभलं का?

सिंधुबाईंनी हातातली वाढपाची पळी खाली ठेवली.

"त्यांनाच शोभलं, वन्सं," त्या म्हणाल्या. "माझा जीव वाचावा म्हणून त्यांनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलं होतं. मी लाजेने गप्प राहिले. तुमचा भाऊ माझ्यापेक्षा शहाणा होता."

विठाबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि ताटावर बसल्या बसल्याच विचारलं, की त्या आश्रमात माझ्याही नावाचं काही देता येईल का.

काजळीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात झालं. आश्रमातल्या तिच्या लेकीचं, तिच्या पिल्लांचं दूध तुटल्यावर. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून दोघींच्या कानाचा कोपरा कापला आहे. कॉलनीतल्या बायका आता शिऱ्याची वर्गणी सिंधुबाईंकडे आणून देतात आणि ती ऑपरेशनला जाते.

नागरिकहो, भुकेल्या जीवाला घास घालणं चांगलंच, पण दया तेवढ्यावर संपत नाही. ज्यांना आपण सांभाळू शकत नाही ते जीव जन्माला येऊ न देणं आणि जे आहेत त्यांना जगवणं, हीही दयाच आहे, आणि तिला आपल्या माणसाचं नाव देण्यात कसलाही कमीपणा नाही. आश्रमातल्या त्या कोऱ्या फळ्यावर पहिलं नाव निवृत्ती गायधनी यांचं आहे. सिंधुबाईंनी ते सहादूकडून खडू मागून घेऊन स्वतःच्या हाताने लिहिलं.