दोष दाण्यांचा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना उत्प्रेरक आहे. पोलादी जाळीत भरलेले, मोहरीएवढे लोखंडी दाणे. आणि मी संतापलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

भट्टीत भाजून मला घडवले आणि कापड रंगवणाऱ्या कारखान्यात आणले. रंगाचे घाण पाणी माझ्या टाकीत येई. त्यात पेरॉक्साइड नावाचे रसायन थेंबाथेंबाने सोडत. माझा स्पर्श झाला की ते चवताळून रंगावर तुटून पडे आणि लालभडक पाणी नितळ होई. मी मात्र होतो तसाच राही. नऊ वर्षे असा राबलो. पाहुणे येत, स्वच्छ पाण्याचा ग्लास उजेडात धरून फोटो काढत. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

पाहत ते फक्त टाकीवाले काका. जाळी उचलून गाळ झटकताना विचारत, "काय रे, दमलास का?"

एका दुपारी पेरॉक्साइडचा पंप बंद पडला. टाकी तुडुंब भरली होती. मॅनेजर तणतणत आले.

"पेरॉक्साइडचा कॅन उचला आणि ओता सगळं एकदम!"

"साहेब, थांबा. एकदम ओतलं तर टाकी उसळेल."

"मला शिकवू नका. नाहीतर उद्यापासून घरी बसा!"

काकांनी कॅन उचलला आणि ओतला. डोळ्यांवर संरक्षक चष्मा नव्हता. सहा महिने मागूनही तो मिळाला नव्हता.

मला थांबता येत नाही हो! समोर पेरॉक्साइड आले की मी त्याला फोडणारच. पाणी तापले, फसफसले आणि काकांच्या तोंडावर उडाले. त्यांचा डावा डोळा गेला.

चौकशीत मॅनेजर म्हणाले, "उत्प्रेरक जुना झाला होता. त्यानेच घात केला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंड कुठून आणू?

तेव्हा कारखान्यातल्या केमिस्ट बाई उठल्या. दोन काचपात्रांत त्यांनी रंगीत पाणी आणि माझे चिमूट चिमूट दाणे घातले. पहिल्यात पेरॉक्साइड थेंबाथेंबाने सोडले. पाणी गुपचूप निवळले. दुसऱ्यात एकदम ओतले. फेस थेट मॅनेजरांच्या कागदांवर!

"दाणे तेच आहेत, साहेब," बाई म्हणाल्या. "हुकूम तुमचा होता."

मॅनेजरांना काढले. पंप दुरुस्त झाला. चष्मेही आले, आठ दिवसांत!

मित्रांनो, माझी निगा राखा, असे मी विनवणार नाही. मी बिघडलो तर नवे दाणे मिळतात. काकांना डोळा मिळाला नाही. उद्या तुम्ही मोठे साहेब व्हाल. तेव्हा काम जाणणारा माणूस "थांबा" म्हणाला, तर थांबा!