शिवून टाकलेला खिसा

“पुसू नकोस गं काही. नुसतं झाक. आणि मागच्या बाजूला एक खिसा ठेव.”

मी जन्मले त्या सकाळी माझ्या कानी पडलेले हे पहिले शब्द. मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचना. माझ्या अंगावर अशा एकशे बारा ओळी आहेत. तुमच्या ब्राउझरला वरून एक छोटी जोड लावता येते, त्या जोडीत माझे घर. जिथे सगळे जण फोटो टाकतात, खुशाली लिहितात आणि अधूनमधून भांडतात, असे एक संकेतस्थळ माझी मालकीण रोज सकाळी उघडते. ते पान तिच्या डोळ्यांपुढे येण्याआधी माझ्या हातून जाते. मी ते आवरते, झाडूनपुसून नीट करते आणि मग तिच्यापुढे ठेवते. एवढाच माझा नेम. तो मी एकही दिवस मोडला नाही. आज वाटते, एखादा दिवस मोडला असता तर बरे झाले असते.

मला लिहिले भाचीने. ती एका ग्रंथालयातले संगणक सांभाळते. लिहिले ते तिच्या मावशीसाठी, तीच माझी मालकीण. मावशीचा व्यवसाय पुस्तकबांधणीचा. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिची एक खोली आहे. भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, मधोमध पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा, कोपऱ्यात खळीचे पातेले. खिडकीजवळच्या मेजावर संगणक, आणि त्याच्या कळांवर वाळलेल्या खळीचे पांढरे ठिपके. मावशी प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदाचा एक खिसा चिकटवते. सुटे पान, जुनी चिठ्ठी, कुणाचे वाळलेले फूल, जे जे पुस्तकातून निघेल ते त्या खिशात जाते. “आपल्याला नको म्हणजे कुणालाच नको, असं थोडंच असतं?” असे ती म्हणायची.

माझी गरज का पडली, तेही सांगते. मावशीचे यजमान इस्पितळातच वारले. त्यानंतर त्या संकेतस्थळावर एका आजारी मुलासाठी केलेले आवाहन तिला दिसले आणि ती तिथे जरा जास्त वेळ थांबली. झाले. संकेतस्थळाला वाटले, हिला हेच हवे आहे. मग रोज सकाळी नळ्या लावलेली माणसे, इस्पितळाच्या खाटा आणि हार घातलेले फोटो रांगेने येऊ लागले.

“गेलेल्या माणसाला रोज सकाळी नव्याने पोचवून येते गं मी,” मावशी म्हणाली.

“मग बंदच कर ना ते!”

“बंद कसं करू? दोराबाई आहे ना तिथे.”

दोराबाई म्हणजे मावशीची कामातली जोडीदारीण. ती पाने शिवायची म्हणून दोराबाई, आणि मावशी पुठ्ठे चिकटवायची म्हणून खळबाई. एकमेकींना ठेवलेली ही नावे. तीस वर्षे दोघी एकाच मेजाच्या दोन बाजूंना बसल्या. दोराबाईचे कान हळूहळू गेले, तेव्हा दोघींनी आपली बोटांची भाषा केली. मनगटावर एक टिचकी म्हणजे दोरा दे. दोन म्हणजे खळ घट्ट झाली. तीन म्हणजे गिऱ्हाईक आले, आता हसू नकोस. आणि मनगटावर नुसता तळवा ठेवला, की मी इथेच आहे, चालू दे.

पुढे दोराबाई लेकीकडे राहायला गेली. बसने एक दिवसाचा प्रवास. फोन तिला ऐकू येत नाही, म्हणून दोघींचे बोलणे त्या संकेतस्थळावरच होत असे. तिचा एक डोळा लहानपणापासून अधू आहे, दुसऱ्यानेही कुरकुर सुरू केली होती. निघताना ती म्हणाली होती, “उद्या हाही डोळा बांधायची वेळ आली, तर अंधारात माझ्याशी बोलणार कोण?”

“मी. तू फक्त कळव. असेन तशी निघेन.”

मित्रांनो, हे वचन एवढ्यासाठी सांगते, की माझी सारी गोष्ट याच्याभोवती आहे.

भाचीने दोन रविवार बसून मला लिहिले. मी अक्षरे मोठी केली. आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती थांबवल्या. ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून मध्ये घुसणारी पट्टी काढली. निरोपांचा कोपराही झाकला, कारण तिथे अनोळखी पुरुष ‘जेवलात का’ म्हणून विचारत बसायचे. शेवटी भाचीने मला शब्दांची एक यादी दिली. इस्पितळ, ऑपरेशन, रक्तगट, श्रद्धांजली. यांपैकी एकही शब्द असेल ती पोस्ट झाकायची आणि मागच्या खिशात ठेवायची. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘आज खिशात एवढ्या’ असा आकडा दिसत असे.

पण मावशीचा हात राहीना. पथ्य असलेल्या माणसाने डबा उघडून बघावा, तशी ती रोज त्या खिशात डोकवायची आणि पुढे दिवसभर गप्प राहायची. महिन्याभराने तिने भाचीला सांगितले, “तो खिसा शिवून टाक.”

“मावशी, तूच म्हणाली होतीस…”

“म्हणाले होते. आता शिव म्हणतेय.”

आमच्या जगात एखाद्या ओळीपुढे दोन तिरक्या रेघा ओढल्या, की ती ओळ झोपी जाते. भाचीने माझ्या खिशाच्या सहा ओळी झोपवल्या. त्या क्षणी मला काही दुखले नाही. आम्हाला दुखत नाही, हाच आमचा दोष.

त्यानंतर आठ महिने सुखाचे गेले. पान उघडले, की दोराबाईच्या लेकीच्या गच्चीवरच्या कुंड्या, नातीचे पडलेले दात आणि ‘खळबाई, उठलीस का?’ एवढेच दिसे. मावशी पुन्हा कामाला बसल्या बसल्या गुणगुणू लागली. खालच्या सायकलवाल्यानेही माझे कौतुक केले. “माझ्या मेव्हण्याला झाकेल अशी एखादी मिळेल का हो?” असे त्याने भाचीला विचारले. मला फार अभिमान वाटला.

आणि मग एके सकाळी दोराबाईची पोस्ट माझ्या हातात आली. ‘खळबाई, ऑपरेशनची तारीख ठरली. डोळ्याच्या आतल्या पडद्याचं आहे. नऊ दिवस पट्टी. तू येतेस ना?’

मी ती पूर्ण वाचली नाही. आम्ही वाचत नाही, फक्त शब्द शोधतो. शब्द सापडला आणि मी पोस्ट झाकली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर आली, मी पुन्हा झाकली. पंधरा दिवसांनी तिने लिहिले, ‘उद्या ऑपरेशन. वाट बघतेय.’ तीही झाकली. तिने निरोपांच्या कोपऱ्यातही तीनदा लिहिले. तो तर मी केव्हाचाच झाकला होता.

पुढे दोराबाईच्या नावाने काहीच येईना. मावशी भाचीला म्हणाली, “लेकीकडे रमली वाटतं. रमू दे बाई. आपली आठवण कशाला येईल!” हसत म्हणाली, पण त्या दिवशी तिने एका पुस्तकाचा पुठ्ठा उलटा चिकटवला.

मग एक दिवस त्या संकेतस्थळाने आपले सारे रूपच बदलले. मला पाठ असलेल्या सगळ्या खोल्यांची दारे हलवली. मी नेमाने धावले, इथे चाचपले, तिथे चाचपले, हाती काहीच लागले नाही. त्या सकाळी मी काहीही झाकू शकले नाही. मावशीपुढे सगळे उघडे पडले, आणि त्यात सर्वांत वर दोराबाईच्या लेकीने लिहिलेले होते.

‘आईचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले. पट्टी अजून तीन दिवस आहे. सकाळी उठली की ती मनगट पुढे करते. मी हात धरते, टिचक्या मारून बघते, पण ती मान हलवते. तुम्हाला फोन करणार होते. ऑपरेशनच्या सकाळी आईनेच नको म्हटलं. म्हणाली, तिने वाचलं असेल, यायचं असतं तर आली असती.’

मावशीने ते दोनदा वाचले. खळ शेगडीवर होती, ती खाली उतरवायचे तिला भान राहिले नाही. वास सुटला तेव्हा तिने शेगडी बंद केली आणि भाचीला फोन लावला. फक्त “ये” एवढेच म्हणाली.

भाची आली. निरोपांचा कोपरा उघडून तिने ते तीन निरोपही वाचून दाखवले.

“चूक माझी आहे, मावशी. मी शिवायलाच नको होतं.”

“शिव म्हणून मीच सांगितलं. उभा जन्म दुसऱ्यांच्या पुस्तकांना खिसे लावले, आणि स्वतःचा शिवून घेतला.” मावशीने चष्मा पुसला. “तीन दिवस उरलेत. त्यातला एक रस्त्यात जाईल. बस कितीला आहे ते बघ.”

मावशी पिशवी भरत होती, तेवढ्या वेळात भाचीने मला दुरुस्त केले. दारे नव्याने दाखवली आणि त्या सहा ओळींपुढच्या रेघा पुसल्या.

“तो ‘ऑपरेशन’ शब्द काढू का यादीतून?”

“राहू दे. मला अजून ते बघवत नाही. पण दर रविवारी आपण दोघी मिळून खिसा उघडायचा. हा नेम मी घेते. मी टाळलं तर तू रागाव.”

मित्रांनो, मी काही आता फार दिवस पुरणार नाही. ते संकेतस्थळ पुन्हा बदलेल, आणि एक दिवस माझ्या जागी नवी स्क्रिप्ट येईल. माझ्या गोष्टीचा तिला आणि तुम्हालाही उपयोग होवो. जे डोळ्यांना सोसत नाही ते जरूर झाका, त्यात पाप नाही. पण झाकणाऱ्याच्या हाती सगळे सोपवून निर्धास्त होऊ नका. मला ‘ऑपरेशन’ हा शब्द कळत होता, दोराबाई कळत नव्हती. काय झाकले गेले ते अधूनमधून स्वतः उघडून बघा. माझ्या हातून गेलेले सहा दिवस मला कुठल्याच खिशातून परत काढून देता येत नाहीत.

तळाशी पुन्हा आकडा उमटला आहे. ‘आज खिशात नऊ.’

मावशीने पिशवी खांद्याला लावली. संगणक बंद करायलाही ती थांबली नाही. दारापाशी चपला घालताना तिने उजव्या हाताची बोटे आपल्याच डाव्या मनगटावर ठेवली. एक टिचकी मारली. मग दोन. मग तीन. बोटे विसरली नव्हती. शेवटी तिने तिथे नुसता तळवा ठेवला, आणि आवाज न करता जिना उतरू लागली.